चिमणी चढावर उडू लागली

६ फेब्रुवारी

आत्या,

आधी नमस्कार, मग तक्रार, आणि शेवटी एक काम. पत्र आलेलं बघून बाबांना फोन करू नकोस, मी धडधाकट आहे. हे फोनवर बोलता येत नाही, कारण जिच्याबद्दल बोलायचंय ती हातभर अंतरावरच्या पलंगावर पाय भिंतीला लावून पडली आहे. तिला वाटतंय मी कुणा मुलाला लिहितेय. वाटू दे. आणि मेसेज करावा, तर तुझ्या फोनवरची मुंगीएवढी अक्षरं तू शेजारणीकडून वाचून घेतेस. शेजारणीला हे कळायला नको.

आमच्या धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सायकलच्या शर्यतीत जिंकते एकटी, पण तिच्यासाठी अख्खा संघ राबतो. कुणी पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, कुणी मागच्या गाडीकडून बाटल्या आणून तिच्या हातात द्यायच्या. इतकी वर्षं मी हेच पाणक्याचं काम केलं. आता आमची कॅप्टन सायकल सोडून बाळ सांभाळणार आहे, तेव्हा उन्हाळ्यातल्या मोठ्या शर्यतीसाठी नवी कॅप्टन नेमायची आहे. सरांच्या डोक्यात दोनच नावं आहेत. एक मी. दुसरी माझी ही खोलीतली सोबतीण, चिमणी. नाव सगळ्यांनी पाडलंय. बुटकी आहे आणि एका जागी टिकत नाही.

आता तक्रार. संघाच्या घरामागे एक लांब चढ आहे, डेअरीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. गेल्या वर्षी आम्ही दोघी तो जोडीनं चढायचो. तिचं पुढचं चाक माझ्या कोपराशी असायचं. मला वेळ बघायची गरज पडत नाही, तिचं चाक कुठे आहे ते बघितलं की मी कशी चाललेय ते कळतं. हल्ली चाक दिसतच नाही. पहिल्या वळणाला तिची पाठ दिसते, दुसऱ्या वळणाला तीही नाही. वर पोचते तर बाई टाकीच्या कठड्यावर बसून गाणं गुणगुणत असते. मी होते तशीच आहे. मग ही कुठून आणते एवढी ताकद?

ऐक पुढे. तिच्या कपाटात, मोज्यात गुंडाळलेली, एक छोटी तपकिरी बाटली आहे. चिठ्ठी नाही, नाव नाही. दर सुट्टीच्या दुपारी मेकॅनिकची स्कूटर मागून कुठेतरी जाते. विचारलं तर ‘कामं आहेत’. आम्ही ताटं भरभरून जेवतो आणि ही सूप पिऊन उठते. स्वभाव तर असा बिघडलाय की परवा माझा बर्फाचा वाडगा तिनं उचलून मोरीत ओतला. मी शांतपणे बर्फ चघळत वाचत बसले होते, एवढाच माझा गुन्हा. मला ‘उंटीण’ म्हणाली. हल्ली बर्फाशिवाय मला करमत नाही, सरांनी सराव इतका वाढवलाय की जिना चढला तरी धाप लागते, त्यात तेवढाच विरंगुळा.

काम असं. तू औषधशास्त्र शिकलीस आणि जन्मभर औषधांचं दुकान चालवलंस. थेंबाथेंबानं घ्यायचं, दम वाढवणारं, तपकिरी बाटलीत मिळणारं असं काय असतं? नुसतं नाव सांग. पुढचं मी बघते.

तुझी भाची


१३ फेब्रुवारी

भाचीबाई,

पत्र मिळालं. अक्षर सुधार.

नाव सांगणार नाही, कारण नाव मला ठाऊक नाही. माझ्या दुकानातली निम्मी औषधं तपकिरी बाटलीत असतात. उजेडानं औषध बिघडतं म्हणून बाटली तपकिरी करतात. पापी माणसांसाठी वेगळा रंग काढलेला नाही.

तू जे लिहिलंस त्यातलं पाहिलेलं किती आणि मनात आणलेलं किती, हे आधी वेगळं कर. बाटली पाहिलीस. स्कूटर पाहिलीस. सूप पाहिलंस. बाकी सगळी तुझी शिवणकला. चिमणी तुझ्या मागे राहिली असती तर हीच बाटली, हीच स्कूटर आणि हेच सूप तुझ्या डोळ्यांत आलं असतं का, याचं उत्तर मला लिहू नकोस, स्वतःला दे. कॅप्टनची जागा एक आणि माणसं दोन, हेही तूच लिहिलंयस.

विचारायचं असेल तर तिला विचार. ती हातभर अंतरावर आहे, मी कितीतरी लांब आहे. टपालाचा खर्चही वाचेल.

आता माझे दोन प्रश्न. बर्फ चघळायची ही सवय कधीपासून? लहानपणी तू आइस्क्रीमनंही दात शिवशिवतात म्हणून रडायचीस. आणि दुसरं, दुसरीच्या चाकावरून स्वतःला मोजणं बंद कर. एक दिवस एकटी, घड्याळ लावून तो चढ चढ. गेल्या वर्षीची तुझी वेळ सरांकडे असेलच. दोन्ही ताडून बघ आणि मला कळव.

तुझा बाप विचारत होता पत्रात काय आहे. मी म्हटलं, हवापाणी.

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

तू माझ्या बाजूनं आहेस की तिच्या, तेच कळेना.

बर्फ दिवाळीच्या सुट्टीनंतर, नाही, त्याच्याही आधीपासून असेल. त्याचा इथे काय संबंध? आणि एकटीनं घड्याळ लावून चढायला मी काय नवशिकी आहे? मला माझं अंग कळतं. मी होते तशीच आहे, हे लिहिलंय मागच्या पत्रात.

तिला विचारलं नाही. कसं विचारू? ‘चिमणे, तू औषध घेतेस का गं?’ असं? ती ‘हो’ म्हणणार आहे थोडीच.

त्यापेक्षा मी एक काम केलं. ती आंघोळीला गेली तेव्हा बाटली काढून वास घेतला. उग्र होता, मसाल्याच्या डब्यासारखा, लवंगेसारखा. वासावरून काही कळेना म्हणून एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. आत्या, जीभ बधिर झाली. अर्धा तास ‘स’ म्हणता येत नव्हतं. सरांनी सरावात काही विचारलं तर मी नुसती मान हलवत होते. आता सांग, साधं औषध असं असतं का?

मग माझा धीर सुटला आणि मी सरांना सांगितलं. नाव घेऊन तक्रार केली असं नाही. म्हणजे नाव घेतलं, पण ‘जरा लक्ष ठेवा’ एवढंच म्हटलं. सर उठून संघाच्या मालकांना फोन करायला आत गेले. त्यांचंही बरोबर आहे. गेल्या वर्षी शेजारच्या संघातली एक मुलगी उत्तेजक घेताना पकडली गेली, तर प्रायोजकांनी हात काढून घेतला आणि संघच बंद पडला. मेकॅनिकपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळे घरी बसले. मी सगळ्यांच्या भल्यासाठीच बोलले.

मग मला झोप का येत नाही?

तुझी भाची


२४ फेब्रुवारी

भाचीबाई,

पत्र वाचून मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं. गिऱ्हाइकांना वाटलं कुणी गेलं.

तुझ्या मते त्या बाटलीत बंदी असलेलं उत्तेजक आहे. बरोबर? आणि ते तू जिभेला लावलंस. दुसऱ्या दिवशी पहाटे चाचणीवाले तुझ्या दारात आले असते तर त्यांना काय सांगणार होतीस? की मी चोर पकडायला म्हणून चोरी करून बघितली? दुनियेतल्या कुठल्याही सायकलपटूनं केला नसेल असा मूर्खपणा तू केलास. इतर जणी निदान जिंकण्यासाठी घेतात.

सुदैवानं बाटलीत तसलं काही नाही. लवंगेचा वास, जीभ बधिर. लवंग तेल आहे ते. दात दुखला की माणसं कापसावर थेंब घेऊन दातात धरतात. दुकानात रोज विकते मी. तिची दाढ किडली आहे, भाचीबाई. म्हणून ती सूप पिते. म्हणून सुट्टीच्या दुपारी स्कूटर घेऊन जाते, बहुतेक दातांच्या डॉक्टरकडे. आणि तू शेजारी बसून कडाकडा बर्फ फोडतेस, तो आवाज तिच्या दाढेत शिरत असणार. मी असते तर वाडगा मोरीत नाही, तुझ्या डोक्यावर ओतला असता.

लपवते का, ते तीच जाणे. दाढ काढायला सांगतील, सराव बुडेल, कॅप्टनची जागा जाईल, असं काही असेल. तिलाही ती जागा तुझ्याइतकीच हवी आहे.

पत्र मिळेल त्या दिवशी सरांकडे जा आणि बोललेलं मागे घे. बर्फाचं उत्तर वाचलं. दिवाळीच्या आधीपासून, म्हणजे बराच काळ झाला. चढाचं केलं नसशील तर कर.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहितेय.

तीन दिवसांपूर्वी पहाटे चाचणीवाले आले. दोन बायका, पाठीवर पिशव्या, हसू नाही. फक्त चिमणीसाठी. लघवीचा नमुना देताना दार उघडं ठेवावं लागतं आणि त्यांच्यातली एक समोर उभी राहते. चिमणी आतून ओरडत होती, ‘बाई, तुम्ही निदान हवापाण्याच्या गप्पा तरी मारा, असं टक लावून बघितलं तर कसं व्हायचं?’ मला हसू आलं, आणि मग मी जिन्यात जाऊन बसले. रक्तही घेतलं.

निकाल येईपर्यंत तिला सरावातून काढलंय. ती खोलीत बसून असते. जेवायला खाली येते तेव्हा टेबलावरचं बोलणं थांबतं. कालपर्यंत तिच्याकडून पंक्चर काढून घेणाऱ्या पोरी आज तिच्या शेजारची खुर्ची सोडून बसतात. मेकॅनिकनं स्कूटरची किल्ली देणं बंद केलं. सगळ्यांना सगळं कळलंय आणि कुणालाच काही ठाऊक नाही.

काल झोपताना ती म्हणाली, ‘कुणीतरी माझं नाव घेतलंय. मला वाटतं मेकॅनिक. तुला काय वाटतं गं, उंटिणी?’

मी म्हटलं, ‘काय माहीत.’

आत्या, मला सरांनी कॅप्टन केलं. टाळ्या वाजल्या. आज सकाळी कॅप्टन म्हणून पहिला सराव होता, त्याच चढावर. चिमणी नव्हती, तेव्हा ज्यांना बाटल्या भरायला मी शिकवलं त्या नव्या पोरी माझ्या मागे. डेअरी ओलांडली आणि एकेक जण बाजूनं पुढे गेली. ‘ताई, जाऊ का?’ असं विचारून गेल्या, तेही लागलं. टाकीपाशी सगळ्या माझी वाट बघत उभ्या होत्या, हल्ली तिथे चिमणीचं जसं तोंड दिसायचं तशी तोंडं करून. सरांनी घड्याळ दाखवलं. मग गेल्या वर्षीचे आणि या महिन्यातले आकडे काढून दाखवले. माझे आणि चिमणीचेही.

तिची वेळ जशीच्या तशी आहे, आत्या. ती जराही वेगानं चढत नाहीये.

तुझी भाची


४ मार्च

भाचीबाई,

दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. आता माझं तुला मिळालं असेल, तेव्हा दाढेचं पुन्हा लिहीत नाही.

तुझ्या शेवटच्या ओळीत सगळं आलं. चिमणी उडायला लागली नाही, तू बसत चाललीस. गाडीत बसलेल्या माणसाला आपली गाडी थांबली की शेजारची पळाल्यासारखी वाटते, तसं झालं तुझं.

आता का बसत चाललीस ते. जिना चढताना धाप, आणि बर्फ. ज्याच्या रक्तात लोह कमी असतं, त्याला बर्फ चघळावासा वाटतो. हे कुणाला खरं वाटत नाही, पण दुकानात अशा बायका मी पुष्कळ पाहिल्या. पोटच्या मुलीलाही मी हेच सांगितलं असतं, आणि तिलाही मी औषध दिलं नसतं. मी निदान करत नाही. ते संघाच्या डॉक्टरीणबाई करतील. उद्या सकाळी जा, रक्त दे. गोळ्या देतील त्या त्यांच्या हातून, त्यांच्या नोंदीत घे. सलाईनमधून काही देऊ करतील तर आधी चाचणीवाल्यांच्या परवानगीचं विचार, त्याचे नियम वेगळे असतात. माझ्याकडून एक गोळी येणार नाही. खोकल्याची वडीसुद्धा मागू नकोस.

हे झालं अंगाचं. दुसरं. सरांना सांग की तू जे बोललीस त्याला काही आधार नव्हता. मग चिमणीला सांग की बोलणारी तू होतीस. मेकॅनिक बिचारा फुकट बदनाम होतोय.

ती तुला विचारते आणि तू ‘काय माहीत’ म्हणतेस. तोपर्यंत तू चुकली होतीस. त्या दोन शब्दांनंतर ते नुसतं चुकणं राहिलं नाही.

आत्या


१५ मार्च

आत्या,

तू बरोबर होतीस, हे लिहायला मला फार कष्ट पडताहेत, तेव्हा एकदाच लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल बघून विचारलं, ‘तू सायकल चालवतेस की सायकल तुला चालवते?’ लोह तळाला गेलंय. गोळ्या सुरू केल्या, गडद लाल, पोटात दगड पडल्यासारख्या. म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत बराच फरक पडेल, पण घाई नको. कॅप्टनपद मी स्वतः सोडलं. सरांनी आधीच काढून घेतलं होतं, ते वेगळं.

सरांनाही सांगितलं. म्हटलं, मी जे बोलले ते दातदुखीवर बोलले. सर म्हणाले, ‘तोंडातून गेलं ते मालकांपर्यंत गेलं, तिथून चाचणीवाल्यांपर्यंत गेलं. आता निकाल येईपर्यंत मी काही करू शकत नाही. तू तरी पुढच्या वेळी आधी माझ्याशी नाही, त्या मुलीशी बोल.’ तुमच्या दोघांची ओळख आहे का?

चिमणीला अजून सांगितलेलं नाही. रागावू नकोस, कारण आहे. परवाच तिची दाढ काढली. गाल संत्र्याएवढा सुजलाय, बोलता येत नाही, नुसत्या खुणा करते. बर्फ मीच आणून देते, गाल शेकायला. अशा वेळी तिला हे सांगणं माणुसकीला धरून होईल का? सूज उतरली की लगेच सांगते.

तुझी भाची


२० मार्च

भाचीबाई,

दात तिचा काढलाय, कान नव्हेत.

आत्या


२ मे

माननीय आत्याबाई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या भाचीच्या खोलीत राहते, पलीकडचा पलंग. पाकिटाच्या मागे तुमचा पत्ता वाचून लिहितेय. एरवी मला पत्र लिहिता येत नाही, परीक्षेतही मी ते सोडून द्यायचे.

सरळ मुद्द्यावर येते. मध्यंतरी कुणीतरी माझ्यावर आळ घेतला की मी उत्तेजक घेते. माझी दाढ किडली होती, आणि दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीची मला इतकी भीती की मी दर आठवड्याला त्याच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे आणि लवंगेच्या तेलावर दिवस काढायचे. चाचणीचा निकाल स्वच्छ आला, सरांनी परत घेतलं, गेल्या आठवड्यात कॅप्टनही केलं. पण निकाल आला म्हणून कुणी माझ्या शेजारच्या खुर्चीवर परत येऊन बसलं नाही लगेच. हळूहळू आल्या, काहीच झालं नव्हतं असं दाखवत.

त्या दिवसांत माझ्याशी नीट वागली ती तुमची भाची. सूप आणायची, बर्फ आणायची, माझी सायकल पुसून ठेवायची. कधी कधी जरा जास्तच. म्हणून हे लिहायला जड जातंय.

हिवाळ्यात ती चढावर मरायला टेकली होती. आता परवा ती माझ्या बाजूनं निघून गेली, आणि वर ‘दमलीस का गं?’ असं विचारून गेली. रोज लाल गोळ्या घेते आणि मी बघितलं की मूठ मिटते. डॉक्टरीणबाईंकडे जाते तेव्हा दार लावून घेते. आणि तुमच्याकडून जाडजूड पाकिटं येतात, ती वाचून झाली की गादीखाली जातात. तुमचं औषधांचं दुकान आहे असं तीच एकदा म्हणाली होती.

सरांकडे जाता आलं असतं. पण तसं एकानं माझ्या बाबतीत केलं, आणि ते दिवस कसे जातात ते मला ठाऊक आहे. तिला विचारायचं तर तोंड उघडवत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही तिला काय पाठवता?

चुकत असेन तर खडसावा. खोटं मात्र सांगू नका.

चिमणी (हेच नाव चालतं इथे)


७ मे

चिमणीबाई,

तुमचं पत्र आवडलं. परीक्षेत सोडायला नको होतं.

मी तिला कागद पाठवते. माझं अक्षर मोठं आहे, रागावले की आणखी मोठं होतं, म्हणून पाकीट जाड. त्यात गोळी, पूड, थेंब काही नसतं. तुम्ही पुढचं पाकीट तिच्यासमोर खुशाल फोडा. माझ्या बोलण्यानं तुमचे कान दुखतील, एवढंच.

गोळ्या कसल्या ते तिनं सांगायचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, डॉक्टरीणबाईंच्या नोंदीत आहे. ती मूठ मिटते, कारण तिला स्वतःच्या अशक्तपणाची लाज वाटते. आमच्या घराण्यात ही खोड आहे.

तुम्ही मला विचारलंत, तसंच तिला विचारा. हात लांब केला की पोचेल एवढ्यावर आहे ती. आणि तुम्ही विचारलंत तर तिला तुम्हाला आणखीही एक गोष्ट सांगायची आहे. ती काय, हे माझ्याकडून काढू नका. मला ठाऊक आहे, पण ती माझी नाही. दहा-बारा दिवसांत तिनं सांगितली नाही, तर मला परत लिहा. मग मी स्वतः बस पकडून येईन, आणि ते कुणालाच परवडणार नाही.

दातांच्या डॉक्टरकडे पुन्हा जाऊन या. एक दाढ किडली की शेजारचीही तपासून घ्यावी.

आत्या


७ मे

भाचीबाई,

चिमणी तुला काहीतरी विचारणार आहे. तिला वाटतंय तू उत्तेजक घेतेस.

हस आधी. मग विचार कर, की तिला हे वाटल्यावर ती कुठे गेली. सरांकडे नाही, मेकॅनिककडे नाही. ज्या माणसाला खरं ठाऊक असेल त्याच्याकडे गेली, पत्र लिहिता येत नसताना.

तिनं विचारलं की गोळ्यांचं सांग. आणि तिथे थांबू नकोस. सूप आणि बर्फ आणून देऊन हे फिटत नाही.

आत्या


१६ मे

आत्या,

सांगितलं.

वाळलेले कपडे दोरीवरून काढताना तिनं विचारलं. ‘उंटिणी, त्या लाल गोळ्या कसल्या?’ मी अहवालच आणून हातात दिला. तिनं तो वाचला, दोनदा वाचला, म्हणाली, ‘एवढंच? तुझ्यावर उगाच संशय घेतला म्हणून आता मला आठवडाभर तुझ्या पाया पडावं लागणार.’ आणि हसायला लागली. दाढ काढल्यापासून ती तोंडभर हसते.

तेव्हा मी म्हटलं, ‘सरांना तुझं नाव मी सांगितलं होतं.’

ती हसत होती ती थांबायला वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं. बाटली, मोजा, जीभ, कॅप्टनची जागा, ‘काय माहीत’. ती हातातला टॉवेल पिळत राहिली, तो वाळलेला होता तरी. शेवटी म्हणाली, ‘मी मेकॅनिकशी अडीच महिने बोलले नाही.’ खाली गेली आणि त्याच्याशी बोलली. मग वर येऊन तिनं उशी-पांघरूण उचललं आणि कोपऱ्यावरच्या खोलीत झोपायला गेली.

आता सरावात कामापुरतं बोलते. ‘डावीकडे खड्डा.’ ‘गाडी येतेय.’ मी ‘हो’ म्हणते. खोली मोठी वाटते. बर्फ बंद झालाय, आपोआप. खायची आठवणही होत नाही.

मोठ्या शर्यतीला चढावर तिच्या सोबत शेवटपर्यंत एकच जण राहणार. कुणाला घ्यायचं ते कॅप्टन ठरवते. ते माझं नाव नसणार, आणि मी त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही, हे तुला आधीच कळवून ठेवते. मी घरी आले तर दुकानात बसू देशील?

तुझी भाची


१ जून

आत्या,

‘माननीय’ आणि ‘बाई’ गाळलं, चालेल ना.

तिनं सांगितलं, तेव्हा तुम्हाला बस पकडायची गरज नाही. मी अजून रागावलेली आहे. तिला माफ केलं का, असं सगळ्या विचारतात. मी सांगते, आमचं ठरलं की कळवू. लवंगेचं तेल चाटून अर्धा तास ‘स’ म्हणता येत नव्हतं, हे आठवलं की मात्र राग टिकत नाही, मग मला तो मुद्दाम धरून ठेवावा लागतो.

काल सरांनी विचारलं, चढावर तुझ्या सोबत कोण हवं. मी उंटिणीचं नाव सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘तुझ्यावर तक्रार कुणी केली ते तुला ठाऊक आहे ना?’

म्हटलं, ‘ठाऊक आहे. तिनंच सांगितलं. बाकीच्या माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसल्या, त्यांच्यातल्या कुणी काय काय बोललं ते अजून कुणी येऊन सांगितलेलं नाही. हिनं काय केलं ते तरी मला माहीत आहे.’

सरांनी नाव लिहून घेतलं. परवा शर्यतीला निघतोय. तिला मी अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी सांगेन, जिन्यात गाठून, म्हणजे तिला धाप लागते का तेही बघता येईल.

चिमणी